भागरताबाईचा विरोध

“काठीनं हाणीन,” भागरताबाई म्हणाली. “पाखरू असो का माणूस. माह्या बांधीत जो येईल त्याले हाणीन. लिही.”

ती पोटरीभर चिखलात वाकून धान निंदत होती, आणि माझ्याशी बोलताना एकदाही सरळ उभी राहिली नव्हती. उपटलेलं गवत ती मागं न बघता फेकायची, ते नेमकं माझ्या पायाशी पडायचं. मी धुऱ्यावर, म्हणजे तिच्या शेताच्या बांधावर, फॉर्म छातीशी धरून उभी होते.

“बाई, प्रश्न नीट ऐका. सारसानं तुमच्या बांधीत घरटं केलं, तर तेवढा तुकडा न कापता सोडायची तुमची तयारी आहे का? उत्तरं चार आहेत. पूर्ण तयारी, थोडी तयारी, सांगता येत नाही, विरोध.”

“चवथं.”

“विरोध?”

“तेच. मोठ्या अक्षरात लिही. आन् जा आता. तुह्या बुटानं धुरा खचून रायला.”

मी ‘विरोध’समोर फुली मारली, आणि खाली शेऱ्याच्या जागेत लिहिलं : ‘उत्तरदाती उद्धट. पक्ष्याविषयी आकस. धोका संभवतो.’ अक्षर छान होतं माझं.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. मी चोवीस वर्षांची होते, नागपुरात प्राणिशास्त्राची एम. एस्सी. करून डॉक्टर खांबेटेंच्या पाणपक्षी अभ्यास केंद्रात लागले होते. गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे पाणी अडवलेल्या खाचरांमधून, सारस घरटी करतात, माणसापेक्षा उंच पक्षी, लाल मानेचा, सगळ्या राज्यात मिळून मोजकेच उरलेले. शेतकऱ्यांना या पक्ष्याबद्दल काय वाटतं, त्याच्यासाठी ते काय सोडायला तयार आहेत, हे शोधायला सरांनी मला मुंडरीटोल्याला पाठवलं होतं. शोधायचं म्हणजे चाळीस प्रश्न विचारायचे आणि फुल्या मारायच्या. मला त्या वेळी असं खरोखर वाटायचं की चाळीस प्रश्नांच्या शेवटी माणूस आपल्या हातात येतो. आता मी एका शाळेत शिकवते, आणि परीक्षेला वस्तुनिष्ठ प्रश्न काढायची पाळी आली की माझा हात जड होतो.

गावात माझा मुक्काम शाळेच्या रिकाम्या खोलीत होता आणि जेवण डुलीचंद बिसेनांकडे. डुलीचंदजी माजी सरपंच. वय पन्नाशीचं, पांढराशुभ्र पायजमा, बोलणं पुस्तकातलं. त्यांनी माझ्या चाळीसही प्रश्नांना अशी उत्तरं दिली की मला ती सरांना फोनवर वाचून दाखवायचा मोह आवरला नाही.

“मॅडम, सारस हा आमच्या घरातला सदस्य आहे,” ते म्हणाले होते. “एक तुकडाच काय, अख्खी बांधी सोडतो मी. लिहा तुम्ही. पूर्ण तयारी.”

त्यांच्या बांध्यांत सारस कधीच बसला नव्हता. त्यांची जमीन उंचावर, पाणी थांबत नसे. पण हे विचारणारा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

सारस बसला होता भागरताबाईच्या बांधीत. तिची बांधी सगळ्यात खाली, बोडीला, म्हणजे लहान तळ्याला, लागून, वरच्या साऱ्या शेतांचं पाणी तिच्यात उतरायचं. ती आणि तिचा नवरा असं दोघांचंच घर. नवरा गोंदियाला राइस मिलमध्ये कामाला, रविवारी येणारा. शेती तीच करायची. घरट्याचं तिनं मला सांगितलं नव्हतं. तिच्याशी बोलून नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवरून परत येताना मला दुर्बिणीतून दिसलं : हिरव्या धानात गवत-काड्यांचा ढीग, त्यावर बसलेली मादी, आणि दहा-बारा हातांवर उभा नर. ढिगावर दोन अंडी होती, ती मला दुसऱ्या दिवशी मादी उठून नर बसायला आला तेव्हा दिसली.

दोन अंडी, आणि धनीण काठीनं हाणणारी. त्या दिवसापासून मी रोज पाळीवर बसायला लागले. भागरताबाईनं मला पहिल्याच दिवशी पाहिलं. लांबूनच ओरडली.

“ए! तिथं काय पाहून रायली? घरी मायबाप नाहीत का तुले?”

मी दुर्बीण लावून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तिनं पाळीच्या उतारावर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. मी वळसा घालून वर चढले. तिसऱ्या दिवशी ती नुसती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तसं बघणं मी त्याआधी फक्त माझ्या आजोळच्या एका म्हशीला बघताना पाहिलं होतं. माझ्या शहरी बुटांपासून टोपीपर्यंत तिनं मला एकदा बघून घेतलं आणि थुंकली. माझ्यावर नाही. बाजूला. माझ्यावर थुंकायचीही तिला गरज वाटली नाही.

तिच्याबद्दल मला जे वाटायचं तेही काही वेगळं नव्हतं. रात्री जेवताना मी डुलीचंदजींना सांगितलं.

“अडाणी आहे,” ते समजुतीनं म्हणाले. “गावात कोणाशी पटत नाही तिचं. मागच्या वर्षी पक्षी पाहायला बाहेरची मंडळी आली होती, मीच घेऊन गेलो होतो. तिनं त्यांच्यावर शेणाचं पाणी फेकलं. काय इभ्रत राहिली गावाची?”

“आणि पक्षी?”

“पक्ष्याचं काय?”

“गेल्या वर्षी होतं का घरटं?”

“होतं. मग उडून गेले काही दिवसांनी. पक्षीच ते.” आणि त्यांनी मला आणखी एक पोळी वाढायला सांगितली.

एक गोष्ट मात्र मला रोज दिसत होती आणि मी ती वहीत लिहिलीही होती. भागरताबाई निंदत निंदत घरट्यापासून पाच-सहा हातांवर यायची, तरी मादी उठायची नाही. मी पाळीवर, शंभर पावलं लांब, उभी राहिले तरी नर मान ताठ करायचा. याचा अर्थ मी काय लावला? ‘पक्ष्यांना धोक्याची जाणीव राहिलेली नाही.’ असं लिहिलंय मी. ती वही अजून आहे माझ्याकडे. कधी फार शहाणी झाल्यासारखं वाटलं तर काढून वाचते.

ऑगस्टच्या मध्याला झड लागली. तीन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पावसाचा जोर जरा ओसरला म्हणून मी रेनकोट घालून पाळीवर गेले, आणि दुर्बीण डोळ्याला लावली तर भागरताबाई फावडं घेऊन स्वतःचाच धुरा फोडत होती.

बोडीच्या अंगाला, नाल्याकडे तोंड करून, ती एकटी फावड्यामागं फावडं हाणत होती. डोक्यावरचा पोत्याचा घोंघता मागं घसरला होता. धुरा फुटला आणि गढूळ पाणी धडधडत नाल्यात कोसळायला लागलं. ती बाजूला झाली, वाहत्या पाण्याकडे बघितलं, परत गेली आणि तोंड आणखी रुंद केलं.

पुस्तकातलं मला सगळं पाठ होतं. सारस पाण्यात घरटं करतो, कारण पाणी असलं की कुत्री आणि कोल्हे पोचत नाहीत. पाणी काढलं की घरटं उघडं. म्हणजे ही बाई कायद्याला घाबरून काठी उचलत नव्हती, पण पाखरू आपसूक उठावं अशी व्यवस्था करत होती. माझं डोकं तापलं. मी पाळीवरूनच ओरडले, “बाई! काय करताय? थांबा!”

तिनं वर बघितलं. पावसात तिला माझे शब्द ऐकू गेले असतील की नाही, माहीत नाही. तिनं फावड्यानं मला ‘जा’ अशी खूण केली आणि पुन्हा कामाला लागली.

गावात येऊन मी डुलीचंदजींना सांगितलं, तर ते चकितच झाले.

“धुरा फोडला? अहो, झड लागायच्या आदल्या दिवशीच युरिया टाकला होता तिनं. माझ्यासमोर. सगळा गेला असेल वाहून. वेडी झाली का बाई?”

युरिया टाकलेल्या बांधीचं पाणी कोणी सोडत नाही, हे मलाही एवढ्या दिवसांत कळलं होतं. मला क्षणभर तिथं थांबायला हवं होतं. पण मी थांबले नाही. मला वाटलं, बघा, केवढा हा आकस! पाखराला हाकलायला स्वतःचं खत नाल्यात घालते.

शाळेच्या ओट्यावर एका कोपऱ्यात फोनला रेंज यायची. तिथं उभं राहून मी सरांना सांगितलं.

“शाब्बास, बोरकुटे,” सर म्हणाले. “वेळेवर कळवलंस. उद्याच निघतो आम्ही.”

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दोन जीपगाड्या आल्या. सर, आणि त्यांच्यासोबत नागपूरचे नऊ स्वयंसेवक. सगळ्यांचे एकसारखे हिरवे शर्ट, पाठीवर सारसाचं चित्र. गाडीतून हिरवी जाळी उतरली, लोखंडी खांब उतरले, ‘सारस संरक्षित क्षेत्र’ असा रंगवलेला फलक उतरला. गाड्या बघून डुलीचंदजी धावत आले. त्यांनी सरांना हार घातला. तो हार इतक्या कमी वेळात त्यांनी कुठून आणला, मला अजून कळलेलं नाही.

पाऊस थांबला होता. ऊन कडक होतं. आम्ही रांगेनं धुऱ्यावरून चाललो, आणि पन्नास-साठ पावलांवर असतानाच मादी उठली. तिनं मान लांब केली, दोन पावलं टाकली, मग दोघंही जड पंख मारत बोडीपलीकडे जाऊन उतरली.

“येतील परत,” सर म्हणाले. “जाळी लागेपर्यंत बरंच आहे. चला, पटपट.”

घरट्याभोवती चारही बाजूंनी खांब ठोकायचं काम सुरू झालं. पटपट काही होत नव्हतं. खांब चिखलात तिरके व्हायचे. एका मुलीचा बूट रुतला, तो काढायला तिघं लागले, त्याचंही हसत हसत शूटिंग झालं. अंडी उन्हात उघडी होती. मळकट पांढरी, माझ्या मुठीपेक्षा मोठी. एक जण वाकून त्यांचा फोटो काढायला गेला, तर सर रागावले. मग त्यांनी स्वतःच काढला.

भागरताबाई आली तेव्हा तासभर होऊन गेला असेल. ती घराकडून येत होती, आणि आम्हाला बघताच धावायला लागली. पन्नाशीची बाई, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, धुऱ्यावरून धावताना एकदाही घसरली नाही.

“निघा! निघा तिथून! बसली आहे ना ती! उठवलं का तिले?”

“बाई, शांत व्हा,” सर पुढं झाले. त्यांचा आवाज असा होता, जसा हट्टी मुलाशी बोलताना पाहुण्यांसमोर काढतात. “हा पक्षी कायद्यानं संरक्षित आहे, माहीत आहे ना? काल तुम्ही पाणी सोडलंत. आम्ही तक्रार करू शकतो. पण आम्हाला तुम्हाला त्रास द्यायचा नाही. आम्ही फक्त घरटं सुरक्षित करतोय.”

“कोणापासून?”

सर हसले. “आता ते तुम्हीच सांगा.”

हिरव्या शर्टांतही हशा पिकला. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती वर बघत होती. बोडीच्या काठावर मोहाचं झाड होतं, त्याच्यावर.

“मागं व्हा,” ती म्हणाली, आता ओरडत नव्हती. “पाया पडतो तुमच्या, मागं व्हा. पाळीवर जा सगळे. तिले येऊ द्या.”

“होईलच अर्ध्या तासात.”

तेव्हा तिनं खाली वाकून चिखलाचं ढेकूळ उचललं आणि फेकलं. ते आमच्या डोक्यांवरून गेलं. पोरं ओरडली. कोणीतरी म्हणालं, “शूट कर, शूट कर.” तिनं दुसरं उचललं. तेही वरून गेलं. तिसरं एका स्वयंसेवकाच्या खांद्याला लागलं आणि सर ओरडले, “धरा तिला! बोरकुटे, धर!”

मी धरलं. मी सगळ्यात जवळ होते. मी मागून जाऊन तिचा उजवा हात दोन्ही हातांनी पिरगाळल्यासारखा धरला. काटकुळा हात होता, पण ताकद विलक्षण. तिनं झटका दिला, मी सोडलं नाही. दुसऱ्या बाजूनं एका पोरानं दंड धरला. आम्ही तिला ओढत ओढत घरट्यापासून लांब, धुऱ्याकडे नेलं. बाकीचे काम सोडून आमच्याभोवती जमले, कोणी शूटिंग करत, कोणी “काकू, शांत व्हा” म्हणत.

“सोड वो,” ती मला म्हणाली. “सोड. डोमकावळा आहे तिथं. सोड मले!”

हे मी ऐकलं. शब्द मला कळले. पण जिला आपण धरून ठेवलंय तिचं म्हणणं माणूस ऐकत नाही, तिची ताकद तेवढी ऐकत असतो. मी पकड आणखी घट्ट केली.

मोहावरून कावळा उतरला तो अगदी सावकाश. घाई नव्हतीच त्याला. घरट्याजवळ कोणी उरलं नव्हतं, आम्ही सगळे धुऱ्यावर होतो. तो ढिगाच्या कडेला बसला, मान वाकडी करून एकदा आमच्याकडे बघितलं आणि चोच मारली. दुसरा आला. सर “हाड हाड” करत धावले, चिखलात गुडघ्यावर पडले, उठून परत धावले. तोवर एका अंड्याचं पिवळं गवतावर ओघळलं होतं. दुसऱ्याला भोक पडलं होतं.

भागरताबाईचा हात माझ्या हातात सैल पडला. मी तो सोडला. पदरानं तिनं मनगट पुसलं, जिथं मी धरलं होतं तिथं, आणि घराकडे चालू लागली.

जाळीचं काम अर्धवट राहिलं. सारसाची जोडी संध्याकाळी आली, बराच वेळ ढिगाजवळ उभी राहिली आणि निघून गेली.

डुलीचंदजींच्या ओसरीवर चहा पिताना सरांनी निष्कर्ष सांगितला. “स्थानिक विरोधामुळे घरटं अयशस्वी. वाईट झालं, पण आपल्या मांडणीला पुष्टीच मिळते. टिपण तू तयार कर, बोरकुटे. तू प्रत्यक्ष होतीस.”

मी तयार केलं. ‘शेतमालक महिलेने आदल्या दिवशी बांध फोडून घरट्याभोवतीचे पाणी काढले. संरक्षणाचे काम सुरू असताना तिने दगडफेक केली, त्यामुळे कामात व्यत्यय येऊन कावळ्यांनी अंडी फोडली.’ चिखलाच्या ढेकळांचा दगड मी केला. वाक्यात तो जास्त बरा बसत होता.

पाच दिवसांनी जाळी आणि खांब काढून आणायला मी बांधीत उतरले, एकटी. तोवर लांबूनच बघितलेलं घरटं पहिल्यांदा जवळून, सावकाश बघितलं. ढीग वाळायला लागला होता. आणि ढिगाच्या अंगावर, चहूकडून, गाळाची एक रेघ होती. पूर ओसरल्यावर भिंतीवर राहते तशी. रेघेच्या खाली गवत मातकट, वर स्वच्छ. अंडी होती तो खळगा त्या रेघेच्या चार बोटं वर होता.

मी आजूबाजूच्या धानाकडे बघितलं. प्रत्येक ताटावर तीच रेघ, त्याच उंचीवर. पाणी तिथवर चढलं होतं आणि तिथं थांबलं होतं. थांबलं होतं म्हणजे थांबवलं गेलं होतं. त्या दिवशी दुपारी. आणखी तासभर गेला असता तर अंडी तरंगली असती.

फुटलेल्या धुऱ्याचं तोंड अजून तसंच होतं. त्याच्याभोवतीचं धान पिवळं पडलं होतं.

मी तशीच चिखलाच्या पायांनी भागरताबाईच्या घरी गेले. ती अंगणात बसून वाल सोलत होती. मला बघून तिच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही.

“तुम्ही अंडी वाचवायला पाणी सोडलं होतं,” मी म्हणाले.

तिनं एक शेंग सोलली.

“मला का नाही सांगितलं?”

“तुले दिसत होतं ना. दुर्बीण होती तुह्यापाशी.” तिनं दाणे सुपात टाकले. “वरच्या लोकायनं आपापलं पाणी सोडलं माह्या बांधीत. डुलीचंदनंबी सोडलं. सोडतेच सगळे, पाणी खालीच येते. मी नसतं काढलं तं बुडाली असती ती बसल्याजागी. उठत नव्हती ना ती. पाणी चढत आलं तरी उठत नव्हती.”

“तुमचा युरिया गेला.”

“गेला.”

“मग तुम्ही फॉर्मवर विरोध का सांगितला? मी विचारलं होतं तुम्हाला. त्या पक्ष्यासाठी तुमची तयारी आहे का, हेच तर विचारलं होतं.”

तेव्हा तिनं हात थांबवले आणि माझ्याकडे नीट बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ताटात पडलेल्या माशीकडे बघावं तसं ती बघत होती.

“हो म्हणलं असतं तं काय केलं असतं तू? रोज आली असती. तुह्या साहेबाले आणलं असतं, फोटोवाल्याले आणलं असतं. मागच्या साली डुलीचंदनं हो म्हणलं, तं चार गाड्या आल्या. माह्या धुऱ्यावर बसून डबे खाल्ले त्यायनं. तिकडं ती उठली ते उठलीच. नाही म्हणलं की कोणी येत नाही असं वाटलं मले.” तिनं पुढची शेंग उचलली. “तुम्ही तं नाही म्हणलं तरी येता.”

“मी टिपण बदलायला लावते. सरांना सांगते सगळं.”

“सांग नाहीतं नको सांगू. मले वाचता येत नाही.” तिनं सूप उचललं. “त्या बाळंतिणीले उठवलं तुम्ही. एवढं समजते मले. जा आता.”

मी सरांना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हेही खरं. मग म्हणाले, “शक्य आहे. पण ती स्वतः काय म्हणाली? विरोध. उत्तरदात्याच्या डोक्यात काय होतं हे आपण आपल्या मनानं लिहायला लागलो, तर त्याला संशोधन म्हणत नाहीत, बोरकुटे.” मी राजीनामा वगैरे दिला नाही. घरी आईची औषधं होती, आणि धीरही नव्हता. अहवाल छापून आला. मुंडरीटोल्यात सारसाला पाठिंबा देणारे शेतकरी मोठ्या संख्येनं निघाले होते. डुलीचंदजींचा गोंदियाला शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला; त्यांनी भाषणात सारस हा आपल्या घरातला सदस्य असल्याचं सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. मीही वाजवल्या. पहिल्या रांगेत बसले होते, न वाजवून कसं चालणार?

पुढच्या पावसाळ्यात सरांनी मला पुन्हा पाठवलं. घरटी शोधायची, सापडली की लगेच कळवायचं. या वेळी तयारी मोठी होती, जाळी आधीच विकत घेऊन ठेवली होती. मी डुलीचंदजींकडे उतरले नाही. सकाळच्या बसनं गेले, आणि फाट्यावरून सरळ बोडीकडे चालत गेले.

भागरताबाई बांधीत होती. धुरा बुजवलेला होता, धान गर्द हिरवं. तिनं मला लांबूनच ओळखलं आणि मी घरट्याच्या जागेकडे बघू नये अशा बेतानं मध्ये येऊन उभी राहिली.

“यंदा आली का जोडी?” मी विचारलं.

“नाही.”

“कुठंच नाही?”

“मेली असन. मले काय माहीत? मी काय पाखरं राखतो का?”

तेवढ्यात तिच्या मागच्या धानातून आवाज उठला. सारसाची जोडी एकत्र ओरडते तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला दुसऱ्या कशाशी तो घोटाळता येत नाही. आधी नराची एक लांब हाक, तिच्यावर मादीच्या दोन आखूड. पार गावाच्या पलीकडे ऐकू जाईल असा. आमच्यापासून तीस पावलांवरही नसेल. थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

भागरताबाईनं डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही. माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, “बोडीपलीकडं इंजिन आहे कोणाचं. पाणी ओढून रायले.”

“हो,” मी म्हणाले. “इंजिनच वाटतंय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या बोलण्यात खोट आहे का ते तपासत होती. एखादी विकायला आणलेली वस्तू उलटसुलट करून बघावी तशी.

“तुही बस कितीची आहे?” तिनं विचारलं.

“दोनची.”

“मंग निघ,” ती म्हणाली.